वेल आमचीच होती

मावशींच्या डोळ्यांतला पिवळेपणा मला ओपीडीच्या दारातूनच दिसला. जुलैचा पाऊस, बाहेर भर दुपारी अंधारून आलेलं. ट्यूबलाइटच्या उजेडात कावीळ चटकन नजरेत येत नाही, तरी आली. वय ५२, कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्याच्या पश्चिम अंगाचं एक गाव, घरची भातशेती. अन्नावरची वासना गेलेली, अंगाला खाज, आणि लावणीच्या ऐन दिवसांत शेतात उभं राहवत नाही ही खंत जास्त.

काविळीचं पिवळं द्रव्य बिलिरुबिन १४, यकृताच्या पेशी दुखावल्याची खूण एसजीपीटी ११२०, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आयएनआर १.६. तिन्ही वाढलेले. दारूचा प्रश्नच नव्हता. वेदनाशामक गोळ्या नाहीत, क्षयाची औषधं नाहीत. थायरॉइडची गोळी आठ वर्षं चालू होती, तिच्यात बदल नव्हता. ए, बी, सी तिन्ही हिपॅटायटिसच्या चाचण्या निगेटिव्ह. "गावठी औषध घेतलं काय?" असं मी विचारलं, रेसिडेंटनं विचारलं, सिस्टरनं विचारलं. उत्तर एकच, "नाही की."

तिसऱ्या दिवशी राउंड संपल्यावर मी त्यांच्या खाटेवर बसले आणि म्हटलं, "मावशी, सकाळी उठल्यापासून पोटात काय काय जातं ते सगळं सांगा." चहाच्या आधी गुळवेलीचा काढा, म्हणाल्या. सात आठवडे, रोज, फुलपात्रभर. करोनाच्या वेळेला घरात सगळेच प्यायचे, मग बंद झालं होतं. यंदा सांधे धरायला लागले म्हणून त्यांनी एकटीनं परत सुरू केलं होतं.

तिथं माझ्या डोक्यात उजेड पडला, पण त्याचं श्रेय माझं नाही. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी जर्नल ऑफ क्लिनिकल अँड एक्सपेरिमेंटल हेपॅटॉलॉजी या आपल्या देशातल्या यकृताच्या नियतकालिकात सहा रुग्णांची हकिगत छापली होती. करोनाच्या काळात गुळवेल घेतलेले आणि यकृताला सूज आलेले सहा जण. शरीर स्वतःच्याच यकृतावर उलटतं त्या ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखं ते चित्र होतं. पुढच्या वर्षी देशभरातल्या १३ केंद्रांनी मिळून ४३ रुग्ण मांडले. तो पहिला पेपर मी कधीतरी रात्री मोबाइलवर चाळला होता. त्या सहा जणांचं कुणी लिहिलं नसतं, तर मावशींना 'कारण न सापडलेली कावीळ' असा शिक्का मारून मी घरी पाठवलं असतं आणि घरी जाऊन त्यांनी ताकद यावी म्हणून पुन्हा काढाच घेतला असता.

काढा बंद केला. व्हिटॅमिन केची इंजेक्शनं देऊन आयएनआर सुधारल्यावर बायोप्सी केली. पॅथॉलॉजीच्या मॅडमनी मला बोलावून सूक्ष्मदर्शकातून दाखवलं: यकृताच्या कप्प्यांच्या कडेनं सूज, प्लाझ्मा पेशींचे पुंजके, मधूनच एखादी लालसर इओसिनोफिल. शरीर स्वतःवरच उलटल्याची खूण शोधणारी एएनए चाचणी किंचित पॉझिटिव्ह. असा उलटलेला प्रतिकार आवरणारं स्टिरॉइड द्यायचं का, यावर दोन दिवस विचार केला. आकडे उतरायला लागले होते, म्हणून थांबलो. तिसऱ्या आठवड्यात एसजीपीटी ४००वर आला, तीन महिन्यांत सगळं नॉर्मल. स्टिरॉइड दिलं नाही, हे पुढं फार कामाला आलं.

लिहायचं हे मी ठरवलं तेव्हा एका सहकाऱ्यानं काळजीपोटीच सांगितलं, "एकट्या पेशंटचा केस रिपोर्ट बढतीच्या हिशोबात धरत नाहीत. वेळ घालवू नका." खरं होतं ते. पण यकृताच्या आजारांत एखाद्या कोपऱ्यातल्या डॉक्टरनं जे समोर दिसलं ते नीट नोंदवून ठेवलं, म्हणून केवढं कळलं आहे! १९७८ साली काश्मीर खोऱ्यात काविळीची साथ आली, गरोदर बायका दगावल्या. डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनी त्या साथीचा अभ्यास करून १९८० मध्ये छापलं की हा ओळखीचा विषाणू नव्हे, काहीतरी वेगळं आहे. त्याला आज आपण हिपॅटायटिस ई म्हणतो. माझ्या एका पेशंटची त्या कामाशी बरोबरी नाही. पण लिहून ठेवायची सवय तीच आहे, आणि तिची गरज आमच्यासारख्या सीमेवरच्या तालुक्यांना जास्त आहे. इथला पेशंट अर्धा कोल्हापूरला जातो, अर्धा गोव्याला, थोडे हुबळीला. त्याची गोष्ट तीन ठिकाणी तुटते आणि कुणाकडेच पूर्ण राहत नाही.

मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. इंग्रजीत प्रिस्क्रिप्शन लिहिणं वेगळं आणि पंधराशे शब्द लिहिणं वेगळं. केस रिपोर्ट कसा लिहावा याची एक यादी आहे, केअर म्हणतात तिला, २०१३ची. तेरा कलमं. ती समोर ठेवून लिहीत गेले. रुग्णाची माहिती, तपासणी, घटनांचा क्रम, निदान, उपचार, पुढचा पाठपुरावा. बहुतेक कलमं केसपेपरवरून भरत गेली. शेवटून दुसऱ्या कलमाशी अडले: रुग्णाचं स्वतःचं म्हणणं. त्यांना या सगळ्याबद्दल काय वाटलं, ते त्यांच्या शब्दांत. वीस वर्षांच्या नोकरीत केसपेपरवर अशी जागाच मी पाहिली नव्हती. मावशी तपासणीला आल्या तेव्हा विचारलं, त्या बोलल्या, मी वहीत मराठीत उतरवून घेतलं आणि घरी येऊन इंग्रजी केलं.

शेवटचं कलम संमतीचं. आमच्याकडे छापील संमतीपत्र कन्नड आणि इंग्रजीत. मावशी सरकारी मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या, वाचतात ते मराठी. सून कन्नड वाचते, पण सही सुनेची नव्हती ना. म्हणून मी मराठी मसुदा केला, दुसऱ्या एका डॉक्टरनं मूळ इंग्रजी न पाहता तो परत इंग्रजीत नेला, दोन्ही इंग्रजी ताडून पाहिले, आणि एथिक्स कमिटीनं तो मान्य केला. यात दीड महिना गेला, आणि तो जायलाच हवा होता. मसुदा मावशींनी बोट ठेवून ओळ न् ओळ वाचला. 'माझे नाव व गाव प्रसिद्ध होणार नाही' या ओळीवर बोट थांबलं.

"नाव कशाला लपवायचं? मी काय चोरी केली काय?"

नियम आहे मावशी, म्हटलं. पेशंटचं खासगीपण जपायचं असतं.

"मग गावाचं तरी घाला की. आमच्यातली दुसरी कुणी प्यायला नको."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पेपरमध्ये त्या 'पन्नाशीतली एक स्त्री, दक्षिण भारतातील ग्रामीण भाग' एवढ्याच राहिल्या. बायोप्सीच्या फोटोच्या कोपऱ्यात लेबलवर त्यांचं अर्धं नाव आलं होतं, तेही कापलं. इथंही मी गावाचं नाव लिहिलेलं नाही, कारण सही त्या ओळीखाली आहे. सही करताना त्यांनी पेन घट्ट धरलं होतं आणि आडनावाचं शेवटचं अक्षर चौकटीबाहेर गेलं.

लेखकांची नावं ठरवताना एक कटू प्रसंग झाला, तो थोडक्यात सांगते. वरच्या एका डॉक्टरांनी आपलं नाव घालायला सांगितलं. पेशंट त्यांनी पाहिला नव्हता. वैद्यकीय संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती, जिची पहिली बैठक १९७८ साली व्हँकूव्हरला झाली, तिचे चार निकष आहेत: कामात भरीव वाटा, मसुद्याचं लेखन किंवा त्याची कसून दुरुस्ती, अंतिम प्रतीला मान्यता, आणि प्रत्येक शब्दाची जबाबदारी. चारही हवेत. मी ते छापून त्यांच्या टेबलावर ठेवले. काही महिने बोलणं तुटलं होतं. मला त्याचं वाईट वाटलं, पण नाव घातलं असतं तर जास्त वाटलं असतं.

पहिल्या नियतकालिकानं चौथ्या दिवशी परत पाठवलं, लेख तपासणाऱ्या तज्ज्ञांकडे, म्हणजे रिव्ह्यूअरकडे, न जाताच. 'पुरेशी नवी माहिती नाही.' त्याच आठवड्यात माझ्या मेलवर 'आदरणीय प्रोफेसर' अशा सुरुवातीची पत्रं येऊ लागली: तीन दिवसांत छापतो, फी पाठवा. नावं मोठमोठ्या नियतकालिकांसारखी, संपादक मंडळात कोण ते कळत नाही, पबमेड या वैद्यकीय लेखांच्या सूचीत शोधलं तर सापडत नाही. आमच्या एका तरुण डॉक्टरनं अशा एका ठिकाणी पंधरा हजार भरले होते, वर्षानंतर ती साइटच उघडेना. त्याचा पेपर चांगला होता. आता तो दुसरीकडे पाठवताही येत नाही, कारण एकदा छापलेला आहे. त्याचा चेहरा आठवला की मला अजून राग येतो. नव्या मुलांना हे कुणीतरी आधी सांगायला हवं: आधी पबमेडमध्ये नियतकालिक शोधा, त्यातले दोन जुने पेपर वाचा, आणि घाई करणाऱ्यापासून लांब राहा.

दुसऱ्या नियतकालिकानं सात आठवड्यांनी उत्तर दिलं. दोन रिव्ह्यूअर. पहिल्याचं म्हणणं चार ओळींचं, अनुकूल. दुसऱ्याचे अकरा प्रश्न. त्या रात्री मी ते वाचून लॅपटॉप बंद केला. सकाळी पुन्हा उघडला तेव्हा लक्षात आलं की या अनोळखी माणसानं माझा पेपर माझ्यापेक्षा बारकाईनं वाचला आहे. तीन प्रश्न मनाला लागले.

पहिला: हिपॅटायटिस ईची चाचणी केली का? पावसाळ्यात, विहिरीचं पाणी पिणाऱ्या बाईला कावीळ, आणि ईचा उल्लेख नाही! औषधानं यकृत बिघडलं की नाही हे ठरवायला रुकाम नावाची गुणपद्धत आहे. काढा सुरू केल्यापासून किती दिवसांनी झालं याचे माझे २ गुण, बंद केल्यावर महिन्याच्या आत निम्म्यावर आलं त्याचे २, याआधी असं छापून आलं आहे त्याचा १. पण बाकीची कारणं वगळल्याचे गुण, ई राहिला म्हणून, शून्य. बेरीज ५, म्हणजे नुसतं 'शक्य'. ई वगळला असता तर आणखी १, बेरीज ६, म्हणजे 'संभाव्य'. एका चाचणीवर सगळा पेपर उभा होता.

चाचणी पाठवली होती, हे मला पक्कं आठवत होतं. नमुना बाहेरच्या लॅबमार्फत गेला होता, रिपोर्ट डिस्चार्जनंतर यायचा होता, आणि मी तो पाहिलाच नव्हता. ती चूक माझी. लॅबचा संगणक मधल्या काळात बदलला होता, जुनं काही निघेना.

दुसरा प्रश्न: ती वनस्पती गुळवेलच होती, याला पुरावा काय? हा प्रश्न हवेतला नव्हता. मुंबईचा पेपर आला तेव्हा आयुष मंत्रालयानं नेमका हाच आक्षेप घेतला होता की लेखकांनी वनस्पतीची ओळख पटवलेली नाही, गुळवेलीऐवजी, म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाऐवजी, तिची बहीण टिनोस्पोरा क्रिस्पा असू शकेल. गुळवेल औषध म्हणून पिढ्यान् पिढ्या वापरात आहे. तिच्यावर बोट ठेवायचं तर वेल कुठली हे तरी पक्कं हवं. मला आक्षेप रास्त वाटला.

रविवारी मावशींच्या गावी गेले. बेळगावातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे सर बरोबर आले. पाऊस थांबून थांबून येत होता. मावशी सोप्यात बसल्या होत्या, तब्येत चांगली, आम्हाला बघून आधी पोह्यांची तयारी. मी रिपोर्टचं विचारलं. त्यांनी भिंतीच्या खिळ्याला लावलेली कापडदुकानाची पिशवी काढून जमिनीवर उलटी केली. रेशनकार्ड, वीजबिलं, नातवाचा जन्माचा दाखला, थायरॉइडच्या चिठ्ठ्या, आणि घडी उलगडली की फाटेल असा एक कागद. अँटी एचईव्ही आयजीएम, म्हणजे हिपॅटायटिस ईची चाचणी, निगेटिव्ह. तारीख डिस्चार्जनंतरच्या सहाव्या दिवसाची. मी तो कागद बराच वेळ हातात धरून बसले.

वेल परड्यामागं होती. "निंबावरची चांगली म्हणतात," मावशी म्हणाल्या, "आमच्यात निंब कुठला, आंब्यावर चढलीय." सरांनी खोडाची साल नखानं सोलली. कागदासारखी पातळ सुटली, आतून हिरवं निघालं. फांदीवरून सुतळीसारख्या मुळ्या लोंबत होत्या. मग पान पालथं करून अंगठा फिरवला. आमच्या घाटात हिची आणखी एक बहीण आहे, तिच्या पानाला खालून मऊ लव असते. हे पान गुळगुळीत. क्रिस्पाच्या खोडावर चामखिळीसारखे उंचवटे भरलेले असतात, ते इथं नव्हते. हृदयाच्या आकाराचं पान, कॉर्डिफोलिया. शेजारी उभी असलेली सून म्हणाली, "माझ्या माहेरी हिला अमृतबळ्ळी म्हणतात." सरांनी चिठ्ठीवर दोन्ही नावं लिहिली. तुकडे वर्तमानपत्रात घालून दाबले, कॉलेजच्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, नमुना ठेवला, क्रमांक मिळाला. तो क्रमांक पेपरात गेला. सरांनी नंतर अख्खा मसुदा वाचून त्यात दुरुस्त्याही केल्या, म्हणून ते आमचे तिसरे लेखक.

तिसरा प्रश्न ऑटोइम्यून हिपॅटायटिसचा. थायरॉइडची बाई, एएनए पॉझिटिव्ह, तशीच बायोप्सी: हा मूळचाच आजार नव्हता कशावरून? इथं स्टिरॉइड न दिल्याचा उपयोग झाला. काही न देता, फक्त काढा थांबवून यकृत शांत झालं आणि वर्षभरानंतरही शांत होतं. तरी मी उत्तरात लिहिलं की आजार आतमध्ये दबलेला असेल आणि गुळवेलीनं तो चाळवला असेल, ही शक्यता आम्ही नाकारत नाही. आधीच्या मसुद्यात मी जरा जास्तच ठाम बोलले होते. रिव्ह्यूअरमुळे ते सौम्य झालं आणि खरं झालं.

आणखी एक शब्द मी स्वतःहून बदलला. केस रिपोर्टच्या इंग्रजीत एक ठरलेला शब्द असतो, 'डिनाइड'. रुग्णानं दारू नाकारली, रुग्णानं वनौषधी नाकारली. मीही तसंच लिहिलं होतं. परड्यातून परतताना ते खटकलं. मावशींनी काही नाकारलं नव्हतं. आम्ही औषधाचं विचारलं, त्यांनी औषधाचं उत्तर दिलं. काढा त्यांच्या लेखी औषध नव्हता, सकाळ होती. मी लिहिलं: औषधांबद्दल विचारल्यावर रुग्णानं उल्लेख केला नाही, दिनक्रम विचारल्यावर केला. एडिटरनं ती ओळ तशीच ठेवली.

उत्तरांसाठी साठ दिवस होते, आम्ही बावन्नाव्या दिवशी पाठवलं. महिन्याभरानं स्वीकारल्याचं पत्र आलं. ते मी आधी पॅथॉलॉजीच्या मॅडमना दाखवलं, मग आईला फोन केला.

मग प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायची प्रत, आलं. ४८ तासांत तपासून परत करा, अक्षरजुळणीच्या चुकांखेरीज बदल नको. मी संध्याकाळी मावशींना फोन लावला आणि त्यांच्या म्हणण्याचा परिच्छेद इंग्रजीवरून परत मराठी करत वाचून दाखवला. "हे औषध निरुपद्रवी असेल असं मला वाटलं..."

"थांबा. मी असं नव्हतं म्हटलं."

मी थांबले.

"औषध म्हटलं नव्हतं मी. वेल आमचीच होती म्हटलं होतं. बाजारातलं असतं तर भ्याले असते. आमच्या परड्यातली, आमच्या आंब्यावरची, कशाला भिऊ?"

वही काढून पाहिली. त्यांचंच बरोबर होतं. माझ्या अक्षरात लिहिलं होतं, 'वेल आमचीच, म्हणून भीती नाही.' इंग्रजी करताना मी ते वैद्यकीय करून टाकलं होतं. रात्री एडिटरना पत्र लिहिलं: हा बदल अक्षरजुळणीचा नाही, पण हे शब्द रुग्णाचे आहेत आणि आम्ही ते चुकीचे छापणार होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं, एकच ओळ: बदल केला आहे.

छापील पानं घेऊन दिवाळीनंतर गावी गेले. सुगी चालू होती, अंगणात भाताचा ढीग. मावशींनी पदराला हात पुसून पानं घेतली, उलटीपालटी केली. त्यातलं त्यांना एक अक्षर वाचता येत नव्हतं. नाव कुठंच नाही, गाव कुठंच नाही, हे त्यांना आधीच माहीत होतं.

"माझं बोलणं कुठं आहे?"

मी शेवटच्या पानावर बोट ठेवलं. त्यांनी सुनेला हाक मारली. ती बॉलपेन घेऊन आली, मी दाखवलं त्या ओळीखाली पट्टी न लावता रेघ मारली, आणि पानं खिळ्यावरच्या पिशवीत गेली.